पंखा बदलू की कपॅसिटर? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

या महिन्यात आलेल्या प्रश्नांपैकी निम्मे तरी "नवीन घेऊ का" याच प्रकारचे आहेत. माझं मत आधीच सांगून टाकते, वस्तू बिघडली की पहिल्यांदा तिच्यातला सगळ्यात स्वस्त भाग तपासायचा, दुकानात जायचा विचार त्यानंतर. फक्त जिथे शॉक लागायचा संबंध येतो तिथे एक रुपयासुद्धा वाचवायला जायचं नाही. खालची सगळी उत्तरं याच हिशोबाने दिलीयेत.

प्रश्न (नाशिक): बेडरूमचा पंखा बराच जुना आहे, रेग्युलेटर पाचवर ठेवला तरी दोनवर असल्यासारखा फिरतो. दुकानदार म्हणतो बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा पंखा) घेऊन टाका, लाइट बिल निम्म्यावर येईल. घेऊ का?

उत्तर: आधी एक फुकटची टेस्ट करा. पंखा बंद करून पात्याला हाताने हलका धक्का द्या. मोकळा फिरून आरामात थांबला तर बेअरिंग ठीक आहे आणि गडबड जवळजवळ नक्की कपॅसिटरची आहे. जड लागला, घरघर आली तर बेअरिंग गेलीये, मग तो खाली उतरवून वायंडिंगवाल्याकडे न्यावा लागेल. कपॅसिटर म्हणजे दांडीच्या कपात लपलेली छोटी डबी, त्यातून दोन वायरी बाहेर आलेल्या असतात आणि वर २.५० किंवा ३.१५ असा आकडा छापलेला असतो. हा कपॅसिटर वर्षानुवर्षं उष्णतेत राहून कमजोर होत जातो, आकडा २.५ वरून दीडवर आला की पंखा हळू होतो, अजून उतरला की सुरूच होत नाही आणि मग घरातले लोक काठीने ढकलून चालू करतात. नवीन कपॅसिटर शंभराच्या आत मिळतो. जुन्यावर जो आकडा आहे तोच घ्या, जास्त स्पीडच्या मोहाने मोठा टाकू नका, मोटर गरम होते.

बदलताना नुसतं बटण बंद करून भागत नाही, मेन स्विच पाडा. जुन्या घरांत बटण फेजऐवजी (करंट घेऊन येणारी वायर) न्यूट्रलवर (करंट परत नेणारी वायर) जोडलेलं सर्रास सापडतं, म्हणजे बटण बंद असलं तरी पंख्यापर्यंत करंट आलेलाच असतो. याबद्दल पुढे अजून एक प्रश्न आहे तिथे बोलूच.

आता बीएलडीसी. साधा पंखा फुल स्पीडला ७५ वॅटच्या आसपास खातो, बीएलडीसी ३० च्या आसपास. रोज १२ तास चालला तर फरक पडतो साधारण अर्ध्या युनिटचा. वर्षातले नऊ महिने पंखा लागतो असं धरलं तर दीडशेच्या जवळपास युनिटं वाचतात, आणि तुमचं बिल १०० युनिटच्या पुढच्या स्लॅबमध्ये जात असेल तर वाचतात ती सगळी महागड्या स्लॅबमधलीच. युनिटला १० रुपये धरले तर वर्षाला चौदा-पंधराशे. तीन हजारांचा पंखा दोन वर्षांत वसूल होतो म्हणायला हरकत नाही. पण बिल निम्मं होईल हे खोटं, कारण बिलात फ्रीज आहे, गिझर आहे, एसी असेल तर तो आहे, एका पंख्याने निम्मं कसं होईल.

आणि दुकानदार जे सांगत नाही ते मी सांगते. बीएलडीसीमध्ये कपॅसिटर नसतो, त्याच्या जागी इलेक्ट्रॉनिक सर्किटची प्लेट असते, ती उडाली की गल्लीतला मेकॅनिक हात वर करतो, त्याच कंपनीची प्लेट मागवावी लागते. म्हणून घेताना स्टार बघायच्या आधी वॉरंटी किती वर्षांची आणि सर्व्हिस तुमच्या गावात आहे की नाही ते विचारा. जुना रेग्युलेटर पण काढून टाकावा लागेल, हे पंखे बहुतेक रिमोटवर चालतात, मध्ये जुना रेग्युलेटर ठेवला तर प्लेट खराब होऊ शकते. माझं म्हणणं असं की हॉलमधला, दिवसभर फिरणारा पंखा बीएलडीसी करा, इन्व्हर्टरवर चालत असेल तर नक्कीच करा, त्या बॅटरीवर दुप्पट वेळ निघेल. तुमचा बेडरूमचा पंखा फक्त रात्री चालत असेल तर कपॅसिटर टाका आणि चालू द्या.

प्रश्न (मुलुंड): एक माणूस घरी आला होता. दोन ग्लासांत पाणी घेतलं, एकात आमच्या नळाचं, दुसऱ्यात त्याच्या आरओ मशीनचं. दोन्हीत रॉडचं यंत्र घालून प्लग लावला आणि मिनिटभरात आमचं पाणी तपकिरी-काळं झालं, वर गाळ आला, त्याचं पाणी स्वच्छच राहिलं. सासूबाई इतक्या घाबरल्यात की त्यांनी नळाचं पाणी प्यायचं बंद केलंय. आमचं पाणी खरंच एवढं घाण आहे का हो?

उत्तर: नाही ताई, अजिबात नाही. सासूबाईंना हे उत्तर वाचून दाखवा. हा प्रकार गेली कित्येक वर्षं सोसायट्यांमधून चाललाय आणि मला याचा मनापासून राग येतो, कारण म्हाताऱ्या माणसांना घाबरवून पंधरा-वीस हजारांचं मशीन गळ्यात मारतात.

त्या यंत्राच्या दांड्यांपैकी एक लोखंडाची असते आणि दुसरी ॲल्युमिनियमची. पाण्यात क्षार विरघळलेले असले की त्यातून वीज वाहते, वीज वाहिली की लोखंडाची दांडी झिजते आणि त्या लोखंडाचा गंज पाण्यात उतरतो. तुम्हाला जो तपकिरी गाळ दिसला तो त्या दांडीचा होता, तुमच्या नळातून आलेला नव्हताच. आरओच्या पाण्यातून क्षार काढून टाकलेले असतात म्हणून त्यातून वीज फारशी वाहत नाही आणि रंग बदलत नाही, एवढंच. पुढच्या वेळी असा माणूस आला तर त्याच्याच स्वच्छ पाण्यात चिमूटभर मीठ टाका आणि म्हणा आता लाव प्लग. तुमच्यापेक्षा काळं होईल.

मुंबईचं पाणी भातसा, तानसा, वैतरणा या धरणांतून येतं, म्हणजे पावसाचं साठवलेलं पाणी, त्यात क्षार मुळातच कमी असतात. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मोजायचं पेनासारखं मीटर दोन-तीनशे रुपयांत मिळतं, सोसायटीत एक घेऊन ठेवा, सगळ्यांना वापरता येईल. बीआयएसच्या (भारतीय मानक ब्युरो) आयएस १०५०० या पिण्याच्या पाण्याच्या मानकात टीडीएस ५०० पर्यंत चांगला धरलाय, दुसरं पाणीच नसेल तर २००० पर्यंत चालतं असं म्हटलंय. तुमचा आकडा त्या ५०० च्या पुष्कळ खाली येईल. राष्ट्रीय हरित लवादाने तर २०१९ मध्ये जिथे टीडीएस ५०० पेक्षा कमी आहे तिथे आरओवर बंदी घाला असं पर्यावरण मंत्रालयाला सांगितलं होतं, कारण एक लिटर पाणी गाळायला साधी घरगुती मशीन तीनेक लिटर पाणी मोरीत सोडते.

पण एक लक्षात घ्या, टीडीएस मीटरला जंतू दिसत नाहीत. आकडा ८० आला म्हणून पाणी शुद्ध आहे असं होत नाही, टाकी साफ नसेल, गटाराजवळची पाइपलाइन फुटली असेल तर कमी टीडीएसच्या पाण्यानेही कावीळ होते. त्यासाठी यूव्हीचं मशीन पुरतं, किंवा सरळ उकळून घ्या. सोसायटीची टाकी शेवटची कधी धुतली ते सेक्रेटरींना विचारा, त्या मशीनपेक्षा ते जास्त महत्त्वाचं आहे.

आरओ लागतोच कुठे तर बोअरचं किंवा टँकरचं खारं पाणी असेल तिथे. पुण्याच्या बाहेरच्या नवीन सोसायट्यांत हीच परिस्थिती आहे. आणि यवतमाळ, चंद्रपूरकडच्या ज्या गावांत विहिरी-बोअरच्या पाण्यात फ्लोराइड आहे तिथे तर उकळून काहीही उपयोग नाही, उलट पाणी आटून फ्लोराइडचं प्रमाण वाढतं, तिथे आरओ ही गरजच आहे. आरओचं वाया जाणारं पाणी बादलीत धरा, फरशी पुसायला, संडासात टाकायला चालतं. झाडांना रोज नका घालू, क्षार साठतात.

प्रश्न (सातारा): चटणी वाटता वाटता मिक्सर अचानक बंद पडला. वास नाही, धूर नाही. नवीन घ्यायची वेळ आली का?

उत्तर: मिक्सर उलटा करा, बुडाला लाल किंवा काळं छोटं बटण दिसेल. प्लग काढून दहा-पंधरा मिनिटं गार होऊ द्या, मग ते बटण आत दाबा. लोड जास्त झाला की मोटर जळू नये म्हणून ते आपोआप बाहेर येतं. वाटणात थोडं पाणी घाला आणि भांडं अर्धंच भरा. बटण दाबूनही चालू झाला नाही तर कार्बन ब्रश झिजले असतील, ते पण स्वस्तातच होतं. आणि मोटर फिरतेय पण पातं फिरत नाही असं कधी झालं तर भांड्याखालचा कपलर तुटलेला असतो, तो बाजारात सुटा मिळतो.

प्रश्न (कोल्हापूर): बाथरूममध्ये गिझर चालू असताना नळाला हात लावला की झिणझिण्या येतात. वायरमन म्हणाला थोडाफार करंट येतोच, पायात रबरी चप्पल घालत जा. मुलगा सात वर्षांचा आहे म्हणून भीती वाटते.

उत्तर: गिझर आत्ताच्या आत्ता बंद करा, बटण नाही, प्लगच काढा. प्लग नसेल, थेट जोडलेला असेल तर मेनच्या बोर्डवरून त्याचा एमसीबी पाडा. आणि त्या वायरमनला परत बोलवू नका. "थोडाफार करंट" असं काही नसतं. ओल्या अंगाने, ओल्या फरशीवर उभं असताना शरीरातून जाणारा करंट कितीतरी वाढतो, आज झिणझिण्या आहेत, उद्या हात नळाला चिकटून राहू शकतो.

होतं काय ते सांगते. गिझरच्या आत पाणी तापवणारी कॉइल एका धातूच्या नळीत बंद असते. पाणी जड असलं की त्या नळीवर पांढरा थर चढतो, थराखाली ती जास्त तापते आणि एक दिवस तिला बारीक चीर जाते. मग वीज पाण्यात उतरते. तुमच्या घरात दोन गोष्टी एकाच वेळी बिघडल्यात. कॉइल फुटलीये ही एक. आणि कॉइल फुटली तरी तो करंट अर्थिंगच्या वायरने जमिनीत जायला हवा होता, तो गेला नाही, म्हणजे अर्थिंगच नाहीये, ही दुसरी आणि जास्त गंभीर. नुसती कॉइल बदलून घेतली तर पुढच्या वेळी वॉशिंग मशीन किंवा फ्रीज शॉक देईल.

घर जुनं असेल तर एक शक्यता मला फार वाटते. पूर्वी बऱ्याच घरांत अर्थिंगची वायर लोखंडी पाण्याच्या पाइपला बांधून मोकळे व्हायचे. पुढे प्लंबिंग बदललं, लोखंडी पाइप जाऊन प्लास्टिकचे आले, प्लास्टिकमधून वीज जात नाही, तेव्हा अर्थिंग संपलं आणि घरात कोणाला पत्ताही लागला नाही. बोर्डात तीन छिद्रं दिसतात, वरच्या मोठ्या छिद्रात वायरही असते, पण ती कुठेच पोचत नाही. तुम्ही गेल्या काही वर्षांत बाथरूम नवीन केलं असेल तर हे नक्की तपासून घ्या.

आता काय करायचं. सरकारी लायसन्स असलेला इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टर बोलवा, त्याला अर्थिंग मीटरने मोजायला सांगा, नसेल तर नवीन खड्डा घेऊन अर्थिंग करून घ्या. आणि मेन बोर्डला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवा. पुष्कळ लोक म्हणतात आमच्याकडे एमसीबी आहे की. एमसीबी वायर जळू नये म्हणून असतो, माणसाला वाचवणं हे त्याचं कामच नाही. आरसीसीबी आत गेलेला करंट आणि परत आलेला करंट सारखा मोजत असतो, दोन्हीत ३० मिलिअँपिअरचा फरक दिसला, म्हणजे कुठून तरी, कदाचित माणसाच्या अंगातून, करंट जमिनीत जातोय, की क्षणात लाइट बंद करतो. दोन-तीन हजारांची वस्तू आहे. त्याच्यावर टी लिहिलेलं टेस्टचं बटण असतं, ते महिन्यातून एकदा दाबून बघायचं, लाइट गेली पाहिजे. नाही गेली तर तो नुसता शोभेला आहे, बदला.

गिझरचा प्लग १६ अँपिअरच्या मोठ्या सॉकेटलाच हवा. तिसरी पिन कापून दोन पिनांवर चालवत असाल तर ते आजच थांबवा. ती पिन जाडी आणि लांब मुद्दाम ठेवलेली असते, प्लग लावताना अर्थ सगळ्यात आधी जोडला जावा आणि काढताना सगळ्यात शेवटी सुटावा म्हणून. हे सगळं होईपर्यंत आंघोळीचं पाणी गॅसवर तापवा. मुलाला बाथरूममध्ये एकट्याला सोडू नका.

प्रश्न (अकोला): एलईडी बल्ब बटण बंद केल्यावरही रात्री मिणमिणतो. आई म्हणते घरात काहीतरी आहे. बल्ब खराब आहे का?

उत्तर: आईंना सांगा काळजीचं काही नाही, पण वायरिंग तपासायला हवं. एलईडीला इतका कमी करंट लागतो की कुठून थोडासा जरी आला तरी तो मिणमिणतो, जुन्या पिवळ्या बल्बला तेवढ्याने काहीच व्हायचं नाही म्हणून पूर्वी हे दिसत नव्हतं. बटणात छोटा लाल इंडिकेटर दिवा असेल तर त्याच्यातून तेवढा करंट जात राहतो, तसं असेल तर चिंता सोडा. इंडिकेटर नसेल तर मात्र वर नाशिकच्या उत्तरात म्हटलं तेच, बटण बहुधा न्यूट्रलवर जोडलंय. तसं असेल तर बल्बच्या होल्डरला चोवीस तास फेज आहे आणि बटण बंद आहे म्हणून कोणी निर्धास्तपणे होल्डरला हात लावला तर शॉक बसेल. वायरमनकडून फेज बटणावर घेऊन घ्या, पाच-दहा मिनिटांचं काम आहे. त्याला सगळेच बोर्ड बघायला लावा, कारण एका ठिकाणी उलटं केलंय तर त्याच माणसाने बाकीकडेही केलेलं असणार.

प्रश्न (गुहागर): घरून काम करते. लाइट गेली की वायफाय जातो, मीटिंग अर्धवट. एवढ्यासाठी इन्व्हर्टर घ्यायचा का?

उत्तर: फक्त वायफायसाठी नका घेऊ. राउटरसाठी छोटा डीसी यूपीएस मिळतो, हजार-दीड हजारात, आत लिथियमच्या बॅटऱ्या असतात, दोन-तीन तास आरामात निघतात. घेण्याआधी राउटरच्या ॲडाप्टरवरचं लेबल वाचा, बहुतेक १२ व्होल्ट असतं पण काहींचं ९ किंवा ५ पण असतं, चुकीचं लावलं तर राउटर जळेल. अँपिअरचा आकडा लेबलवर आहे तेवढा किंवा त्याहून जास्त चालेल. फायबरचं कनेक्शन असेल आणि दोन वेगळे डबे असतील तर दोघांनाही बॅकअप लागेल हे विसरू नका. एक अडचण मात्र तुमच्या हातात नाही, गावातल्या ऑपरेटरकडे स्वतःचा बॅकअप नसेल तर तुमचा राउटर चालू राहूनही नेट जाईल. पुढच्या वेळी लाइट गेली की इन्व्हर्टर असलेल्या शेजाऱ्यांकडे नेट चालू आहे का ते बघा आणि मगच पैसे घाला.

प्रश्न (डोंबिवली): जुन्या फोनचं मागचं कव्हर वर आलंय, बॅटरी फुगलीये असं मुलगा म्हणतो. अजून चालतो, वापरू का?

उत्तर: नको. फुगलेली बॅटरी म्हणजे आत गॅस साठलाय. चार्जिंगला लावू नका, दाबून कव्हर बसवायचा प्रयत्न करू नका, सुई टोचून हवा काढायचे व्हिडिओ फिरतात ते तर अजिबात नको, पेट घेते. बंद करून गादी-कपड्यांपासून लांब, फरशीवर ठेवा आणि दुकानात नेऊन बॅटरी बदला. जुनी बॅटरी घंटागाडीत टाकायची नाही, गाडीत कचरा दाबला जातो तेव्हा आग लागते. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे जुन्या बॅटऱ्यांची विल्हेवाट लावायची जबाबदारी कंपन्यांवर आहे, सर्व्हिस सेंटरला विचारा. आणि नव्या फोनला ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवायची सेटिंग असते ती चालू करा, फोन उशीखाली चार्जिंगला लावू नका. बॅटरीला सगळ्यात जास्त मारते ती उष्णता.

प्रश्न (पुणे): मुलगी आठवीत आहे, दिसेल ते खोलून बघते. तिला अडवावंसं वाटत नाही पण भीतीही वाटते. काय आणून देऊ?

उत्तर: अडवू नकाच. तपकीर गल्लीत (इलेक्ट्रॉनिक्सच्या सुट्या वस्तूंचा बाजार) जा तिला घेऊन, तिलाच निवडू दे. साधा डिजिटल मल्टिमीटर, बारीक स्क्रूड्रायव्हरचा सेट, २५ वॅटचं सोल्डरिंग आयर्न आणि त्याचा स्टँड, एवढं बास. धूर नाकात जाऊ नये म्हणून खिडकीशी बसून काम करायचं आणि सोल्डरमध्ये शिसं असतं म्हणून नंतर साबणाने हात धुवायचे, हा नियम पहिल्या दिवसापासून लावा.

काय खोलायचं नाही ते आधी ठरवा. मायक्रोवेव्ह कधीच नाही, त्यातल्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यानंतरही जीवघेणा व्होल्टेज उरलेला असतो. जुना डबा टीव्ही नाही, इन्व्हर्टर नाही. जे सेलवर चालतं ते सगळं खुशाल खोलू दे, खेळण्यातली गाडी, भिंतीवरचं घड्याळ, जुना ट्रान्झिस्टर.

सुरुवात टीव्हीच्या रिमोटपासून करा, तो प्रत्येक घरात बिघडलेला असतोच. फोनचा पुढचा कॅमेरा चालू करून रिमोटचं तोंड त्याच्यासमोर धरायला सांगा आणि बटण दाबायला लावा. डोळ्याला न दिसणारा इन्फ्रारेड दिवा कॅमेऱ्यात जांभळट लुकलुकताना दिसतो. एकाही बटणाला दिसला नाही तर आधी सेल बदलून बघा, मग सेलच्या जागेतल्या स्प्रिंगा गंजल्यात का ते. काही बटणांना दिसतो आणि काहींना नाही असं असेल तर रिमोट खोलायचा, आत रबराची पट्टी असते, प्रत्येक बटणाखाली काळा ठिपका असतो. त्यावर हाताचं तेल आणि धूळ बसलेली असते. मेडिकलमध्ये आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळतं, कापसाच्या काडीने ठिपके आणि त्याखालची प्लेट हलक्या हाताने पुसायची, पूर्ण वाळू द्यायची, परत लावायचा. घासायचं नाही, काळा थर निघाला तर बटण कायमचं गेलं. आणि स्क्रू काढले की कुठला कुठे होता त्याचा फोटो काढून ठेवायला तिला आत्तापासून शिकवा.